‘सायनस’ म्हणण्याआधी

शाळा सुरू होऊन महिना झाला, पाऊस मुरला, की लहान मुलांच्या दवाखान्यात ‘सायनस’ची तक्रार वाढू लागते. पालक बहुधा निदान सोबतच घेऊन येतात. नाक महिनाभर वाहतंय, शेंबूड आधी पाण्यासारखा होता तो आता पिवळा-हिरवा झालाय, रात्री खोकल्याची उबळ येते, मागच्या वेळच्या अँटिबायोटिकने चार दिवस बरं वाटलं आणि परत ये रे माझ्या मागल्या. त्याला हमखास एक पुस्ती जोडली जाते : ‘आमच्या घरात सगळ्यांनाच ॲलर्जी आहे, म्हणून याला सायनसचं इन्फेक्शन सारखं होतं.’ मुलांचा डॉक्टर म्हणून काम करताना ही पुस्ती सतत कानावर पडत राहते, आणि जसजसं काम आणि वाचन वाढत गेलं तसतसं माझं मत तिच्या विरुद्ध होत गेलं. ॲलर्जी आणि सायनसचा जंतुसंसर्ग यांचं नातं आहे, हे मी नाकारत नाही. पण ॲलर्जीमुळे मुलांच्या सायनसमध्ये जंतू वाढतात, याला जेवढा पुरावा आहे त्याहून कितीतरी भक्कम पुरावा याला आहे, की ॲलर्जीने बेजार झालेलं नाक जंतुसंसर्गासारखं दिसतं. त्यामुळे ॲलर्जीच्या मुलाला अँटिबायोटिक मिळतं आणि ॲलर्जीवरचं औषध मिळत नाही. या दोन आजारांमधला सगळ्यात मोठा दुवा चुकीच्या ओळखीचा आहे.

ही ओळख चुकते याचं पहिलं कारण मुलाच्या शरीरातच आहे. सायनस म्हणजे चेहऱ्याच्या हाडांमधल्या, नाकात उघडणाऱ्या हवेच्या पोकळ्या. पण त्या सगळ्या जन्मतः तयार नसतात. गालांमागच्या आणि दोन डोळ्यांच्या मधल्या पोकळ्या जन्मापासून असतात, लहान का होईना. कवटीच्या तळाशी असलेली पोकळी तीन ते पाच वर्षांच्या सुमारास हवेने भरू लागते. कपाळातली तर सात-आठ वर्षांपर्यंत नीट दिसतच नाही आणि तिची वाढ पुढे वयात येईपर्यंत चालू राहते. म्हणजे तीन वर्षांच्या मुलाचं कपाळ दाबून ‘इथे दुखतं का रे?’ विचारण्यात काही हशील नाही. तिथे अजून दुखायला पोकळीच नाही. डोकं जड झालं, वाकलं की कपाळ ठणकतं, अशी मोठ्या माणसांची तक्रार लहान मूल सहसा करत नाही. त्याच्या बाबतीत हाती येतात ती मुख्यतः दोन लक्षणं, नाक वाहणं आणि खोकला. तीच लक्षणं साध्या सर्दीची, तीच ॲलर्जीची, तीच नाकामागच्या वाढलेल्या ॲडेनॉइडची. आता त्यात सर्दीचा हिशेब मिळवा. बालवाडीच्या वयातल्या मुलाला वर्षातून सहा ते आठ वेळा सर्दी होणं ही निरोगी मुलाची स्थिती आहे. पाळणाघरात जाणाऱ्याला त्याहून जास्त. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये २०१३ साली अनेक अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला. दहातल्या नऊ मुलांची सर्दी जायला पंधरा दिवस लागतात आणि खोकला जायला पंचवीस, असं त्यातून दिसलं. आठ वेळची सर्दी, प्रत्येक वेळी दहा-बारा दिवस धरले तरी वर्षाचे ऐंशी-नव्वद दिवस नाक वाहण्यात जातात, आणि हे दिवस वर्षभर सारखे वाटले जात नाहीत. पावसाळ्यात आणि थंडीत ते दाटीने येतात. एक सर्दी संपता संपता वर्गातल्या शेजाऱ्याकडून दुसरी मिळते. आईला ती एकच न संपणारी सर्दी वाटली, तर तिचं निरीक्षण चुकीचं नाही, फक्त मधला फट पडलेला दिवस तिच्या लक्षात राहिलेला नसतो.

नाकाचं अस्तर आणि सायनसचं अस्तर सलग एकच असल्यामुळे साध्या सर्दीतही सायनस सुजतात. यात जंतूंचा, म्हणजे बॅक्टेरियाचा, काही संबंध नसतो. विषाणू येतो, सूज आणतो आणि जातो. शंभर सर्द्यांपैकी साधारण पाच ते दहा वेळाच त्यावर जंतुसंसर्ग चढतो. ही गोष्ट माहीत असूनही एकेकाळी सगळा भरवसा एक्स-रेवर होता, आणि ॲलर्जी-सायनस नात्याचा पायाही मुख्यतः तिथेच घातला गेला. १९७८ साली अमेरिकेत श्वसनमार्गाची ॲलर्जी असलेल्या मुलांचे सायनसचे एक्स-रे काढण्यात आले, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांच्या सायनसमध्ये काहीतरी दोष दिसला. ॲलर्जीवाल्या मुलांना सायनसचा आजार असतो, हे विधान त्यानंतर पाठ्यपुस्तकात पक्कं बसलं. पण १९९४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ग्वाल्टनी आणि सहकाऱ्यांचा एक छोटा पण डोळे उघडणारा अभ्यास आला. त्यांनी नुकतीच साधी सर्दी झालेल्या ३१ तरुण, धडधाकट माणसांचे सीटी स्कॅन काढले. त्यांतल्या २७ जणांच्या, म्हणजे ८७ टक्के लोकांच्या, गालामागच्या सायनसमध्ये दोष होता. दोन आठवड्यांनी ज्यांचा स्कॅन पुन्हा काढला त्यांच्यातल्या बहुतेकांचा दोष कोणत्याही अँटिबायोटिकविना गेला होता किंवा खूप ओसरला होता. म्हणजे स्कॅनमध्ये दिसणारी ‘जाडी’ सुजेची साक्ष देते, संसर्गाची देत नाही. मग १९७८ च्या एक्स-रेंनी नेमकं काय दाखवलं होतं? ॲलर्जीवाल्या मुलांचं अस्तर सुजलेलं असतं, एवढंच; आणि ते तर त्यांच्या नाकात डोकावूनही कळतं. आपल्याकडे अजूनही ‘पीएनएसचा’, म्हणजे सायनसचा, एक्स-रे काढून आणण्याची चिठ्ठी सर्रास दिली जाते. अमेरिकेच्या बालरोग अकादमीने २०१३ च्या मार्गदर्शक सूचनांत साध्या सर्दीपासून जंतुसंसर्ग वेगळा ओळखण्यासाठी एक्स-रे किंवा स्कॅन काढू नका, असं स्पष्ट म्हटलं आहे. ‘सायनसमध्ये धूसरपणा’ असा अहवाल हातात पडला की पालकांचा आणि डॉक्टरांचा दोघांचाही हात अँटिबायोटिककडे जातो, आणि तो अहवाल सर्दी झालेल्या जवळजवळ कोणत्याही मुलाचा तसाच आला असता.

शेंबडाच्या रंगाचंही तेच. हिरवा रंग जंतूंचा नसतो. लढायला आलेल्या पांढऱ्या पेशींमधल्या एका हिरवट विकराचा असतो, आणि त्या पेशी विषाणूविरुद्धही येतात. सर्दीच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी शेंबूड घट्ट आणि पिवळा होणं हा सर्दीचा नेहमीचा क्रम आहे. हे तर्काने पटत असलं तरी बरीच वर्षं यावर सरळ पुरावा नव्हता. तो २०२३ साली आला. अमेरिकेतल्या सहा केंद्रांवर दोन ते अकरा वर्षांच्या ५१० मुलांना, ज्यांची लक्षणं रेंगाळली होती किंवा मध्येच बिघडली होती, अॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट किंवा तसंच दिसणारं निष्क्रिय औषध देण्यात आलं. ज्या मुलांच्या नाकामागे नेहमीचे जंतू सापडले, त्यांना औषधाने फायदा झाला. ज्यांच्यात जंतू सापडलेच नाहीत, आणि अशी मुलं चारातल्या एकाहून थोडी जास्तच होती, त्यांना जवळजवळ झाला नाही. शेंबूड पिवळा-हिरवा होता की पांढरा, याने काहीही फरक पडला नाही. या अभ्यासाने आधीचं एक कोडंही बऱ्यापैकी सुटतं. २००१ साली १८८ मुलांवर झालेल्या चाचणीत अँटिबायोटिक घेणारी आणि न घेणारी मुलं चौदाव्या दिवशी सारख्याच प्रमाणात, म्हणजे ८० टक्क्यांच्या आसपास, सुधारली होती. उलट २००९ साली एलेन वॉल्ड यांच्या चाचणीत औषध घेणाऱ्यांपैकी निम्मी मुलं बरी झाली आणि निष्क्रिय औषधावरची केवळ १४ टक्के. दोन्ही अभ्यास प्रामाणिक होते. वॉल्ड यांनी मुलं काटेकोर निकषांनी निवडली होती आणि जास्त आजारी मुलंही घेतली होती, दुसऱ्यांनी तशी घेतली नव्हती. अँटिबायोटिक उपयोगी आहे की नाही, या प्रश्नाला म्हणूनच एक उत्तर नाही. ते खऱ्या जंतुसंसर्गात उपयोगी आहे. आणि खरा जंतुसंसर्ग कोणता, हे ठरवायला रंग आणि एक्स-रे ही आपली दोन आवडती साधनं निकामी आहेत.

उरतं ते दिवस मोजणं. खरं म्हणजे सगळं निदान तिथेच आहे. दहा दिवस उलटूनही नाक वाहणं किंवा दिवसाचा खोकला जराही कमी होत नसेल. किंवा मूल बरं होत आलेलं असताना सहाव्या-सातव्या दिवशी पुन्हा ताप येऊन बिघडलं असेल. किंवा सुरुवातीलाच सलग तीन दिवस ३९ अंश सेल्सिअस, म्हणजे १०२ फॅरेनहाइटच्या वर ताप आणि सोबत पुवासारखा स्राव असेल, तर जंतुसंसर्ग मानायचा. पहिल्या वाटेतला ‘जराही कमी होत नसेल’ हा भाग महत्त्वाचा आहे. दहाव्या दिवशी थोडं नाक वाहतंय, पण परवापेक्षा आज बरं आहे, तर ती ओसरती सर्दी आहे. ॲलर्जीचं नाक या तिन्ही वाटांवर चालत नाही. त्याला ताप नसतो. त्याला सुरुवातीचा दिवस सांगता येत नाही, ‘केव्हापासून?’ विचारलं की आई ‘तसं नेहमीचंच आहे’ म्हणते. सकाळी उठल्याबरोबर लागोपाठ शिंका, नाक खाजणं, तळहाताने नाक खालून वर चोळण्याची सवय आणि त्यामुळे नाकावर पडलेली आडवी रेघ, डोळे चोळणं, डोळ्यांखाली काळसर छाया, टाळू खाजते म्हणून घशातून काढलेला तो चमत्कारिक आवाज. अंथरुणं झटकताना, माळा काढताना, दिवाळीच्या साफसफाईत त्रास वाढतो. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला हवेतल्या घटकांची नाकाची ॲलर्जी क्वचितच असते, कारण ती तयार व्हायलाच काही ऋतू जावे लागतात. एवढी माहिती विचारून घ्यायला दहा मिनिटं लागतात, आणि गर्दीच्या दवाखान्यात नेमकी तीच नसतात. एक्स-रेची चिठ्ठी अर्ध्या मिनिटात लिहून होते.

इथे कुणी जाणकार हरकत घेईल, आणि ती हरकत हलकी नाही. तो म्हणेल, ओळखीतला घोळ मान्य, पण ॲलर्जीने खरोखरच संसर्गाला वाट मिळते त्याचं काय? सुजलेल्या अस्तराने सायनसची तोंडं बुजतात, आत स्राव साचतो, हवा खेळत नाही, जंतूंना आयतं घर मिळतं. याला प्रयोगांचाही आधार आहे. २००१ साली ॲलर्जी निर्माण केलेल्या उंदरांच्या नाकात न्यूमोकोकस हे जंतू सोडले, तेव्हा त्यांच्या सायनसमधला संसर्ग साध्या उंदरांपेक्षा जास्त वाढला. इटलीतल्या चिप्रांदी यांनी १९९५ साली दाखवलं, की धुळीतल्या किड्यांची ॲलर्जी असलेल्या माणसाला कोणतंही लक्षण नसतानाही त्याच्या नाकाच्या अस्तरावर थोडी सूज कायम राहते, आणि तिच्यासोबत आयसीएएम-१ नावाचा रेणू तिथे दिसतो. सर्दीचे बरेचसे रायनोव्हायरस पेशीत शिरायला हाच रेणू धरतात. म्हणजे ॲलर्जीवाल्याला सर्दी लवकर लागावी आणि सर्दीतून सायनस व्हावा, हे सगळं सुसंगत दिसतं. मला हा युक्तिवाद आवडतो. पण आवडणं आणि मुलांमध्ये तसं घडत असल्याचं दिसणं या वेगळ्या गोष्टी आहेत. ॲलर्जी हे खरोखर मोठं कारण असेल, तर वारंवार किंवा दीर्घकाळ सायनसने आजारी असलेल्या मुलांमध्ये ॲलर्जीचं प्रमाण इतर मुलांपेक्षा ठसठशीत जास्त दिसायला हवं. इटलीत २००७ साली नेमकं हेच तपासलं गेलं. दीर्घकालीन सायनसच्या मुलांत ॲलर्जीचं प्रमाण सुमारे ३० टक्के निघालं, आणि तिथल्या सर्वसाधारण मुलांतही ते जवळपास तेवढंच होतं. बोस्टनमध्ये चार हजारांहून अधिक अशा मुलांच्या नोंदी चाळल्या तेव्हा ॲलर्जिक सर्दी २७ टक्के मुलांत आढळली. म्हणजे जवळजवळ तीन चतुर्थांश मुलांचा सायनस ॲलर्जीशिवायच रेंगाळत होता. उंदरांच्या प्रयोगात जंतू संशोधकांनी मोठ्या मात्रेत स्वतः नाकात सोडले होते, हेही विसरायला नको. एखादी गोष्ट घडू शकते हे प्रयोगशाळेने सांगितलं. पाचेक वर्षांच्या मुलाच्या नाकात ती वारंवार घडते, असं मुलांच्या अभ्यासांनी सांगितलेलं नाही.

या वयात सायनसच्या खऱ्या संसर्गाचा अधिक मोठा सूत्रधार बहुतेक वेळा नाकामागे बसलेला असतो. ॲडेनॉइडची गाठ साधारण तीन ते सात वर्षांच्या वयात सगळ्यात मोठी असते, तिच्या खाचाखोचांत जंतूंचे चिवट थर जमतात आणि तिथून ते सायनसपर्यंत आणि कानापर्यंत पोचत राहतात. घोरणारं, तोंड उघडं ठेवून झोपणारं, वारंवार कान दुखणारं मूल पाहिलं की ॲलर्जीच्या आधी ॲडेनॉइडचा विचार यायला हवा. अमेरिकेतल्या कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या २०१४ च्या एकत्रित मतानुसार, लहान मुलांच्या दीर्घकालीन सायनसमध्ये औषधांनी भागलं नाही तर पहिली शस्त्रक्रिया ॲडेनॉइडची, सायनसची नव्हे. मात्र माझ्या म्हणण्याला एक खरा अपवाद आहे आणि तो भारतात महत्त्वाचा आहे. किशोरवयात, विशेषतः उष्ण प्रदेशांत, बुरशीच्या ॲलर्जीतून होणारा सायनसचा एक आजार दिसतो. त्यात सायनस चिकट, घट्ट स्रावाने गच्च भरतात, नाकात पॉलिपचे मोड येतात, कधी हाड पसरून एक डोळा पुढे आल्यासारखा दिसतो. तिथे ॲलर्जी हेच मूळ असतं, आणि तिथे स्कॅनही हवा आणि शस्त्रक्रियाही. दम्याच्या मुलांचंही थोडं वेगळं आहे. त्यांचं नाक आणि छाती एकाच सुजेची दोन टोकं असल्यामुळे नाक सांभाळलं की छातीलाही आराम पडतो. पण दम्याच्या मुलाला नाकाचं औषध हवं, यातून त्याला सायनसचा जंतुसंसर्ग आहे असं निघत नाही.

दुसरी हरकत पालकांची असते आणि ती जास्त टोकदार असते : अँटिबायोटिक दिलं की बरं वाटतं, मग का देत नाही? बरं वाटतं कारण आठव्या-नवव्या दिवशी सर्दी तशीही ओसरत असते आणि औषध नेमकं तेव्हाच सुरू होतं. ॲलर्जीच्या मुलाच्या बाबतीत तर आणखी एक घोळ असतो. चिठ्ठीवर अँटिबायोटिक एकटं नसतं. सोबत लेव्होसेटिरिझीन-माँटेलुकास्टचं सिरप असतंच. शिंका आणि खाज त्या सिरपने थांबते, श्रेय अँटिबायोटिकला जातं, आणि पुढच्या वेळी आई स्वतःच औषधाच्या दुकानात जुनी बाटली दाखवते. २०२३ च्या चाचणीत अॅमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट घेणाऱ्यांपैकी ११ टक्क्यांहून अधिक मुलांना जुलाब लागले, निष्क्रिय औषधावर ५ टक्क्यांहून कमी. ही झाली त्या आठवड्याची किंमत. जंतूंच्या वाढत्या प्रतिकाराची वेगळीच. तिसरी हरकत भीतीची : थांबलो आणि जंतू डोळ्यांपर्यंत, मेंदूपर्यंत गेले तर? भीती खोटी नाही. डोळा आणि शेजारचा सायनस यांच्यामधलं हाड कागदाइतकं पातळ असतं. मुलाच्या पापणीला सूज येऊन डोळा उघडेनासा झाला, डोळा पुढे आला, एकाच्या जागी दोन-दोन दिसू लागलं, कपाळावर मऊ फुगवटा आला, उलट्यांसह तीव्र डोकेदुखी सुरू झाली, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी इस्पितळ गाठायचं. पण ही चिन्हं तापलेल्या, आजारी मुलात येतात. महिनाभर शिंकत, खेळत, नीट जेवत असलेल्या मुलाला ‘खबरदारी म्हणून’ अँटिबायोटिक दिल्याने त्यांच्यापासून संरक्षण मिळतं, असं मानायला आधार नाही. दहा दिवस रेंगाळलेल्या पण बऱ्या दिसणाऱ्या मुलाच्या बाबतीत आणखी तीन दिवस वाट पाहण्याची मुभा २०१३ च्या सूचनांतही आहे. अडचण वेगळीच असते. आईला पुन्हा सुट्टी मिळत नाही, गावाहून येण्याचं एसटीचं भाडं दोनदा परवडत नाही, शाळेतल्या बाई ‘बरं करूनच पाठवा’ म्हणतात. ही अडचण मला सगळ्यांत खरी वाटते, आणि तिचं उत्तर वैद्यकात नाही. फोनवर ‘कालच्यापेक्षा कसं आहे?’ एवढं विचारण्याची सोय दवाखान्याने ठेवली, तर त्यातला बराचसा भाग सुटतो.

ॲलर्जीचं नाक ॲलर्जीचं म्हणून ओळखल्यावर पुढचं काम सोपं असायला हवं, पण तिथे घरचे आडवे येतात. नाकात मारायच्या स्टिरॉइडच्या फवाऱ्याबद्दल ‘सवय लागेल’ ही भीती जवळपास प्रत्येक घरात असते, विशेषतः आजीची. सवय लागते ती नाक मोकळं करणाऱ्या थेंबांची. पाच दिवसांच्या पुढे ते चालू ठेवले तर नाक उलट जास्त चोंदतं, आणि हेच थेंब घरोघरी महिनोन्महिने वापरले जातात. मोमेटासोनसारखा फवारा दोन वर्षांच्या वयापासून देता येतो, रक्तात अगदी नगण्य मात्रेत उतरतो. जुन्या बेक्लोमेथासोनच्या फवाऱ्याने वर्षभरात उंची जवळपास एक सेंटिमीटरने कमी वाढल्याचं एका अभ्यासात दिसलं होतं, मोमेटासोनच्या तशाच अभ्यासात दिसलं नाही; तरी दीर्घकाळ औषध चालू असलेल्या मुलाची उंची मोजत राहावी, हे बरं. फवारा मधल्या पडद्यावर न मारता बाहेरच्या बाजूला, कानाकडे रोखून मारायचा असतो, आणि त्याला पूर्ण गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. दोन दिवसांत फरक नाही म्हणून तो कपाटात जातो, आणि ‘त्यानेही काही झालं नाही’ अशी नोंद उरते. माँटेलुकास्टबाबत मात्र पालकांनी जास्त प्रश्न विचारावेत असं मला वाटतं. झोप, मनःस्थिती आणि वागणुकीवरच्या दुष्परिणामांमुळे अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मार्च २०२० मध्ये त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला, आणि सौम्य ॲलर्जिक सर्दीला ते टाळायला सांगितलं. आपल्याकडे ते गोड सिरप म्हणून सहज दिलं जातं. क्लोरफेनिरामाइन आणि फेनिलएफ्रिन यांचं मिश्रण चार वर्षांखाली देऊ नये, असं बाटलीवर छापण्याचा आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये काढला. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा भागातली मुलं ज्या विषारी सिरपने दगावली, आणि ज्यांतल्या अनेकांवर नागपूरच्या इस्पितळांत उपचार चालले होते, ते मुळात सर्दीचंच औषध होतं. विष भेसळीचं होतं, हे खरं. पण त्या वयात त्या औषधाची गरजही फारशी नव्हती.

घरातल्या हवेकडे लक्ष द्यायला मात्र कुणाला चिठ्ठी लागत नाही. कोकण-मुंबईच्या दमट हवेत गाद्या-उशांमध्ये धुळीतले सूक्ष्म किडे फोफावतात. चादरी-अभ्रे आठवड्याला गरम, ५५-६० अंशांच्या पाण्यात धुणं, गाद्यांना कडक ऊन दाखवणं, भिंतीची ओल बंद करणं हे एकत्र केलं तर उपयोग दिसतो. नुसती महागडी खोळ घालून फारसं साधत नाही. पुणे आणि देशावर गाजर गवताचे परागकण आहेत. हे गवत भारतात पहिल्यांदा नोंदलं गेलं ते पुण्यातच, १९५५ च्या सुमारास. बाळाला आंघोळीनंतर दिली जाणारी ओव्याची, धुपाची धुरी, बंद खोलीतली डासांची कॉइल, उदबत्ती आणि घरातल्या कुणाची विडी-सिगारेट ही ॲलर्जी नव्हे. पण सुजलेल्या अस्तराला डिवचायला धूर पुरेसा असतो. वाफाऱ्याचा फायदा शंकास्पद आहे आणि उकळत्या पातेल्याने भाजलेली मुलं मात्र इस्पितळात नियमाने येतात. मिठाच्या पाण्याने नाक धुणं चांगलं, पाणी उकळून गार केलेलं हवं. दही, केळं, पेरू, सीताफळ यांवरची बंदी बहुतेक मुलांच्या बाबतीत निष्कारण असते. त्यात भर म्हणून रक्तातल्या शेकडो ‘ॲलर्जी’ एकदम तपासणारी महागडी पॅकेजेस आली आहेत. रक्तात एखाद्या पदार्थाविरुद्ध प्रतिपिंडं सापडणं म्हणजे त्या पदार्थाने आजार होणं नव्हे, हे त्या अहवालावर लिहिलेलं नसतं. आणि मग गहू, दूध, अंडं बंद झालेलं, वजन न वाढणारं मूल समोर बसतं, नाक पहिल्यासारखंच वाहत असतं. ज्याची हकिगत ॲलर्जीकडे बोट दाखवते, त्याचीच, आणि त्या हकिगतीत आलेल्या मोजक्या घटकांचीच तपासणी करावी.

साध्या सर्दीची आणि ॲलर्जीची मुलं वेगळी काढल्यावर थोडी उरतात, ज्यांना खरोखर पुन्हा पुन्हा जंतुसंसर्ग होतो. नव्वद दिवस उलटले तरी एक दिवस कोरडा जात नाही, अँटिबायोटिकचा पूर्ण कोर्स संपला की आठवड्यात पुन्हा तेच, सोबत कानातून पू, वर्षातून दोनदा न्यूमोनिया. एकाच नाकपुडीतून दुर्गंधी येणारा स्राव असेल तर आधी त्या नाकपुडीत शेंगदाणा, मणी किंवा बटण-सेल अडकला नाही ना, हे पाहायचं; सेल असेल तर काही तासांतच पडदा जाळतो. लहान मुलाच्या नाकात मोड दिसले तर घामातल्या क्लोराइडची तपासणी करून सिस्टिक फायब्रोसिस नाही ना हे बघायचं, वजन नीट वाढत असलं तरी. जन्मापासून नाक वाहतंय आणि जन्मल्यावर लगेच श्वासाचा त्रास झाला होता, असं आई सांगत असेल तर अस्तरावरच्या सूक्ष्म केसांची हालचाल मंद असण्याची शक्यता धरायची. बाकीच्यांच्या रक्तातल्या इम्युनोग्लोब्युलिनची पातळी मोजायची. बोस्टनच्या त्या नोंदींत प्रतिकारशक्तीची कमतरता १२ टक्के मुलांत निघाली होती, आणि आपल्याकडे अशा बऱ्याच मुलांच्या जुन्या फायलींत निदानाच्या रकान्यात वर्षानुवर्षं ‘ॲलर्जी’ हा एकच शब्द लिहिलेला सापडतो.